गिऱ्हाईक की सभासद?

अमेरिकेतील बंदूकधारी नागरिकांमध्ये एक वाद गेली पंचवीस-तीस वर्षे अव्याहत चालू आहे. बंदुका आणि काडतुसे कोणत्या दुकानदाराकडून घ्यावीत, कोणत्या कारखानदाराच्या मालाकडे पाठ फिरवावी आणि शस्त्र बाळगण्याच्या हक्कासाठी झगडणाऱ्या अनेक संघटनांपैकी कोणती आपल्या वर्गणीस पात्र आहे, हा तो वाद होय. नेमबाजीच्या मैदानांवर, शस्त्रांच्या प्रदर्शनांत आणि शिकारीच्या नियतकालिकांच्या पत्रव्यवहारात तो हिरिरीने चालतो. अमुक दुकानदार संकटकाळी डगमगला, तमुक कंपनीने सरकारशी संगनमत केले, ती संघटना तडजोडवादी झाली, असे आरोप होतात. जुने हिशेब उकरले जातात. आणि दर वेळी प्रश्न तोच असतो : आपला पैसा आणि आपली निष्ठा कोणाच्या पदरात टाकावी?

आमच्या वाचकांना हा वाद प्रथमदर्शनी परका वाटेल. आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्याने बंदूक हा परवान्याचा विषय ठरवला आहे आणि २०१९ च्या दुरुस्तीने एका परवानाधारकाला बाळगता येणाऱ्या बंदुकांची कमाल संख्या तीनवरून दोनवर आणली आहे. अमेरिकेत मात्र तो राज्यघटनेच्या दुसऱ्या दुरुस्तीचा विषय आहे. २००८ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने हेलर खटल्यात पाच विरुद्ध चार मतांनी असा निर्णय दिला, की घरात स्वसंरक्षणासाठी बंदूक बाळगणे हा व्यक्तीचा घटनादत्त हक्क आहे. २०२२ च्या ब्रुएन खटल्यात तो हक्क घराच्या उंबऱ्याबाहेरही मान्य झाला. तेथील प्रौढ नागरिकांपैकी जवळजवळ एकतृतीयांश लोकांजवळ स्वतःची बंदूक आहे. त्यांत शेतकरी आहेत, ट्रकचालक आहेत, कारखान्यांतील कामगार आहेत, निवृत्त सैनिक आहेत. म्हणजे प्रश्न कोट्यवधी सामान्य माणसांचा आहे.

शस्त्रांविषयीचे आमचे मत लपवण्याचे कारण नाही. २०२३ साली त्या देशात सुमारे ४६ हजार ७०० माणसे बंदुकीच्या गोळीने मेली, आणि त्यांपैकी निम्म्याहून अधिक आत्महत्या होत्या. असे मरण जेथे इतके सुलभ झाले आहे तेथे विक्रीवर कठोर नियंत्रण हवे, असेच आम्ही म्हणू. परंतु प्रस्तुत लेखाचा विषय तो नाही. सामान्य माणसांच्या एका विशाल, चिवट आणि पदरमोड करणाऱ्या चळवळीने आपल्या गिऱ्हाइकीच्या बळावर बड्या कंपन्यांना वाकवले, आणि तीच चळवळ स्वतःच्या नेत्यांना मात्र तीन दशके हिशेब विचारू शकली नाही, ही घटना आम्हांला विचारार्ह वाटते. कोणत्याही संघटनेत काम करणाऱ्याने तिचा अभ्यास करावा अशी तिची योग्यता आहे.

बहिष्काराचे बळ

प्रथम या गिऱ्हाइकीच्या बळाचे उदाहरण पाहू. स्मिथ अँड वेसन ही १८५२ साली स्थापन झालेली, अमेरिकेतील अत्यंत जुनी व नामांकित पिस्तूल-कंपनी. १९८७ साली टॉमकिन्स या ब्रिटिश उद्योगसमूहाने ती सव्वाअकरा कोटी डॉलरना विकत घेतली होती. मार्च २००० मध्ये या कंपनीने क्लिंटन सरकारशी करार केला. प्रत्येक पिस्तुलाबरोबर चापाला लावायचे कुलूप द्यायचे, आपला माल विकणाऱ्या दुकानदारांवर पूर्वचौकशीचे कडक नियम बंधनकारक करायचे, एकाच वेळी अनेक पिस्तुले घेणाऱ्यावर मर्यादा घालायची, अशी त्यातील कलमे होती. त्याच्या बदल्यात तिच्यावरील खटल्यांचे संकट टळावयाचे होते. बंदूकधाऱ्यांनी याला शरणागती म्हटले आणि खरेदी थांबवली. विक्री कोसळली, काही काळ कारखाने बंद ठेवावे लागले, कामगारांना घरी बसवण्यात आले. पुढच्याच वर्षी, म्हणजे २००१ साली, टॉमकिन्सने ही कंपनी अवघ्या दीड कोटी डॉलरना आणि सुमारे तीन कोटींच्या कर्जाचा भार सोपवून विकून टाकली. बुश सरकारच्या काळात त्या कराराची अंमलबजावणी झालीच नाही. एका सरकारने घडवून आणलेला करार गिऱ्हाइकांनी वर्षाभरात निकामी केला, असा याचा अर्थ होतो.

अशा बहिष्कारामागील राग नेहमीच अनाठायी असतो असे समजू नये. २०१७ साली इलिनॉय राज्यात दुकानदारांना राज्याचा वेगळा परवाना सक्तीचा करणारे विधेयक आले. त्या राज्यातील शस्त्र-कारखानदारांच्या संघाने प्रारंभी त्याला विरोध केला. पुढे कारखानदारांना त्यातून सूट मिळण्याची व्यवस्था होताच हा संघ तटस्थ झाला. परवान्याचा खर्च आणि जाच फक्त गावोगावच्या किरकोळ दुकानदारांच्या माथी राहिला. हे उघड होताच स्प्रिंगफील्ड आर्मरी आणि रॉक रिव्हर आर्म्स या त्या राज्यातील दोन कंपन्यांवर गिऱ्हाइकांचा भडिमार झाला आणि दोघींनाही त्या संघातून अंग काढून घ्यावे लागले. विधेयक चांगले की वाईट हा प्रश्न बाजूला ठेवला तरी, बड्यांनी आपली सुटका करून घ्यावी आणि छोट्यांना कायद्याच्या तोंडी द्यावे, याविरुद्ध जो संताप व्यक्त झाला तो कोणाही न्यायबुद्धीच्या माणसाला समजण्यासारखा आहे. तसेच डिसेंबर २०१२ मध्ये सँडी हूक येथील शाळेत २० बालके आणि ६ शिक्षक-कर्मचारी मारले गेल्यानंतर नव्या निर्बंधांच्या भीतीने बाजारात जी धावाधाव झाली, तिचा फायदा घेऊन काही व्यापाऱ्यांनी काडतुसांच्या मॅगझिनचे भाव कित्येक पटींनी वाढवले. टंचाईतील नफेखोराला गिऱ्हाईक विसरत नाही. जगात सर्वत्र हेच दिसते.

तथापि हे अस्त्र दोषाच्या प्रमाणात लागत नाही. जो अधिक अवलंबून असतो त्याला ते अधिक लागते. फेब्रुवारी २०१८ मध्ये पार्कलंड येथील शाळेत १७ जणांची हत्या झाल्यावर डिक्स स्पोर्टिंग गुड्स या मोठ्या दुकानसाखळीने लष्करी धाटणीच्या रायफलींची विक्री आपल्या सर्व दुकानांतून बंद केली आणि २१ वर्षांखालील व्यक्तीस कोणतीच बंदूक न विकण्याचे ठरवले. शिल्लक राहिलेल्या सुमारे ५० लाख डॉलर किमतीच्या रायफली तिने नष्ट केल्या. तिचे प्रमुख एड स्टॅक यांनी या निर्णयामुळे सुमारे २५ कोटी डॉलरच्या विक्रीला मुकावे लागल्याचे सांगितले. शस्त्रव्यवसायाच्या संघटनेने, नॅशनल शूटिंग स्पोर्ट्स फाउंडेशनने, तिला सभासदत्वावरून काढले. मॉसबर्ग आणि स्प्रिंगफील्ड आर्मरी यांनी तिच्याशी व्यवहार तोडला. वर्षापूर्वी ज्या स्प्रिंगफील्ड आर्मरीला गद्दार म्हटले गेले तिला या एका घोषणेने पुन्हा शाबासकी मिळाली. पण डिक्सचा बहुतांश धंदा चेंडू, बॅटी, बूट आणि कपडे यांचा असल्यामुळे ती तगली. स्मिथ अँड वेसनजवळ पिस्तुलांखेरीज विकण्यास फारसे काही नव्हते, म्हणून ती कोलमडली.

बहिष्काराची दुसरी धार

बहिष्कार या अस्त्राचा इंग्रजी शब्द ज्याच्या नावावरून रूढ झाला तो कॅप्टन बॉयकॉट आयर्लंडमधील मेयो परगण्यात एका बड्या जमीनदाराचा कारभारी होता. १८८० साली कुळांनी त्याच्याशी सर्व व्यवहार तोडले. त्याच्या शेतात कोणी पीक कापेना, दुकानदार त्याला माल देईना. तो बहिष्कार दुबळ्यांनी बलिष्ठावर टाकलेला होता. परंतु मराठी माणसाला बहिष्काराची दुसरी धारही ठाऊक आहे. गावकीने, जातपंचायतीने, बहुसंख्यांनी एखाद्याला वाळीत टाकून त्याचे पाणी आणि व्यवहार तोडायचे, हा आपल्या इतिहासातील कलंक आहे. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२७ साली सुरू केलेल्या पाक्षिकाचे ‘बहिष्कृत भारत’ हे नावच त्याची साक्ष देते, आणि २०१६ साली महाराष्ट्राच्या विधिमंडळाला सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा संमत करावा लागला.

अमेरिकेतील बंदूकधाऱ्यांच्या चळवळीत या दोन्ही धारा एकाच हातात आहेत. जिम झंबो हे शिकारविषयक लेखनात चार दशके घालवलेले गृहस्थ. फेब्रुवारी २००७ मध्ये त्यांनी लिहिले, की लष्करी धाटणीच्या रायफलींना शिकारीत स्थान नसावे. काही दिवसांतच रेमिंग्टन कंपनीने त्यांच्याशी संबंध तोडले, त्यांचे नियतकालिकातील स्थान गेले, दूरचित्रवाणीवरील कार्यक्रम बंद पडला. त्यांनी माफी मागितली तरी ती पुरेशी ठरली नाही. २०१३ साली ‘गन्स अँड अ‍ॅमो’ मासिकाचे अनेक वर्षांचे लेखक डिक मेटकाफ यांनी असे प्रतिपादन केले, की सर्वच घटनादत्त हक्कांवर काही ना काही नियमन असते आणि बंदुकीचा हक्क त्याला अपवाद नाही. वाचकांचा भडका उडाला, बड्या जाहिरातदार कंपन्यांनी मासिकाला इशारा दिला आणि मेटकाफ यांना काढून टाकण्यात आले.

हे दोघे चळवळीचे शत्रू नव्हते. दोघांचे उभे आयुष्य बंदुकीच्या सहवासात गेले होते. त्यांचे म्हणणे चूक असेल तर ते खोडून काढण्यास हजारो लेखण्या उपलब्ध होत्या. परंतु युक्तिवाद करण्याऐवजी त्यांचे पोट मारण्यात आले. त्याचा परिणाम त्या दोघांपुरता मर्यादित राहिला नाही. उरलेल्या प्रत्येक लेखकाला, दुकानदाराला आणि पदाधिकाऱ्याला समजले, की शंका मनातच ठेवलेली बरी. ज्या चळवळीत शंका विचारण्याची किंमत उपजीविकेने मोजावी लागते, तेथे नेत्यांच्या कारभाराविषयीची शंकाही कोणी विचारत नाही.

गल्ला आणि दानपेटी

आता संघटनांकडे वळू. या क्षेत्रात दुकान आणि संघटना यांच्यामधील भिंत फार पातळ आहे. मिडवे यूएसए या टपालाने माल पाठवणाऱ्या मोठ्या व्यापाऱ्याने १९९२ पासून अशी पद्धत सुरू केली, की गिऱ्हाइकाने आपले बिल पुढच्या पूर्ण डॉलरपर्यंत वाढवावे आणि वरची चिल्लर नॅशनल रायफल असोसिएशनच्या निधीत जावी. २०११ साली स्टर्म, रुगर या कंपनीने प्रत्येक विकलेल्या बंदुकीमागे एक डॉलर त्याच संघटनेला देण्याची योजना जाहीर केली आणि दहा लाखांहून अधिक डॉलर दिले. याच कंपनीचे संस्थापक विल्यम रुगर यांनी १९८९ साली मॅगझिनमध्ये पंधराच काडतुसांची मर्यादा घालावी, असे काँग्रेस-सदस्यांना सुचवले होते, आणि त्याबद्दल बंदूकधाऱ्यांनी त्यांना मृत्यूनंतरही क्षमा केलेली नाही. त्यांच्या पश्चात कंपनीला मात्र ती सहज मिळाली. देणगी हा प्रायश्चित्ताचा सोपा मार्ग ठरला.

या व्यवहारात गिऱ्हाइकाला समाधान मिळते, दुकानदाराला निष्ठेचे प्रमाणपत्र मिळते आणि संघटनेला पैसा मिळतो. त्या पैशाचे पुढे काय होते, हे विचारणारा मात्र त्यात कोणी नसतो. चिल्लर देणारा माणूस संघटनेचा सभासद असेलच असे नाही, आणि सभासद असला तरी त्या क्षणी तो काउंटरपाशी उभा असलेला ग्राहक असतो. त्याने आपले कर्तव्य केले असे त्याला वाटते आणि तो घरी जातो.

नॅशनल रायफल असोसिएशनचा इतिहास या दृष्टीने बोधप्रद आहे. १८७१ साली न्यू यॉर्कमध्ये ही संस्था यादवी युद्धातील अधिकाऱ्यांनी स्थापन केली ती सैनिकांची नेमबाजी सुधारण्यासाठी. शंभर वर्षे ती मुख्यतः नेमबाजीची आणि शिकाऱ्यांची संस्था होती. १९६७ साली कॅलिफोर्नियात ब्लॅक पँथर या कृष्णवर्णीय तरुणांच्या पक्षाने भरल्या बंदुका उघडपणे बाळगून पोलिसांवर नजर ठेवण्यास सुरुवात केली, तेव्हा तसे करण्यास बंदी घालणारा मलफर्ड कायदा झाला आणि गव्हर्नर रेगन यांनी त्यावर सही केली. त्या वेळी या संस्थेने त्या कायद्याला पाठिंबा दिला होता, हे आज तिच्या मंचावरून क्वचितच ऐकू येते.

मे १९७७ मध्ये सिनसिनाटी येथील वार्षिक सभेत सभासदांनी बंड केले. जुन्या नेतृत्वाला मुख्यालय राजधानीतून हलवून कोलोरॅडोत न्यायचे होते आणि संस्थेला निसर्गविहाराच्या अंगाने वळवायचे होते. हार्लन कार्टर आणि त्यांचे सहकारी यांच्या पुढाकाराने सभा पहाटेपर्यंत चालली, नियमावली बदलण्यात आली, जुने नेते पदच्युत झाले. कार्यकारी प्रमुखाची निवड सभासदांनी प्रत्यक्ष करावी, असा हक्क त्या रात्री सभासदांनी मिळवला. त्या बंडाचे राजकारण आम्हांला मान्य होणारे नाही. परंतु सामान्य सभासदांनी नियमांच्या पुस्तकाचा आधार घेऊन पदाधिकाऱ्यांना खाली उतरवले, ही त्यातील लोकशाही कृती नाकारण्याचे कारण नाही. पुढे काही वर्षांतच हा हक्क सभासदांकडून पुन्हा संचालक मंडळाकडे गेला. मंडळ कसले, तर ७६ जणांचे. त्याच्या निवडणुकीत मत देण्याचा अधिकार आजीव सभासदांना आणि सलग पाच वर्षे वर्गणी भरलेल्यांनाच. लाखो लोक वर्गणी भरत होते, मासिक वाचत होते, टोप्या आणि बिल्ले मिरवत होते. कारभार मूठभरांच्या हाती होता.

वेन लापिएर १९९१ साली कार्यकारी प्रमुख झाले आणि २०२४ पर्यंत त्या पदावर राहिले. या काळात संघटनेने सभासदांना सतत बाहेरचा शत्रू दाखवला. शत्रू खोटा होता असे आम्ही म्हणत नाही. बंदुकांवर निर्बंध आणू पाहणारे लोक खरेच होते. पण दर वर्षी शेवटची लढाई येऊन ठेपल्याची हाक, आणि त्या हाकेबरोबर देणगीची मागणी, हे सूत्र झाले. २०१९ साली घरातीलच भांडणे चव्हाट्यावर आली. संघटनेचे तत्कालीन अध्यक्ष ऑलिव्हर नॉर्थ यांनी आर्थिक व्यवहारांविषयी प्रश्न उपस्थित केले आणि त्यांनाच पद सोडावे लागले. संघटनेच्या प्रचाराचे काम करणाऱ्या अ‍ॅकरमन मॅक्वीन या कंपनीमार्फत लापिएर यांच्यासाठी बेव्हर्ली हिल्समधील उंची दुकानातून दोन लाख डॉलरांहून अधिक किमतीचे कपडे घेतले गेल्याचे बाहेर आले. खाजगी विमाने, बहामा बेटांवरील सहली यांची यादी लांबत गेली.

ऑगस्ट २०२० मध्ये न्यू यॉर्क राज्याच्या महाधिवक्त्या लेटिशिया जेम्स यांनी संघटनेवर दावा लावला. त्या विरोधी राजकीय पक्षाच्या. निवडणूक प्रचारात त्यांनी या संघटनेवर जहाल टीका केली होती. त्यामुळे हा राजकीय सूड आहे, असा सभासदांचा समज होणे स्वाभाविक होते. जानेवारी २०२१ मध्ये संघटनेने टेक्सासमध्ये दिवाळखोरीचा अर्ज करून न्यू यॉर्कच्या कायद्यातून निसटण्याचा प्रयत्न केला. बहुतेक संचालकांनाही त्याची पूर्वकल्पना नव्हती. अर्ज सद्भावनेने केलेला नाही, असे सांगून न्यायालयाने तो मे महिन्यात फेटाळला. जानेवारी २०२४ मध्ये, खटला उभा राहण्याच्या तोंडावर, लापिएर यांनी राजीनामा जाहीर केला. फेब्रुवारीत ज्यूरीने त्यांना दोषी धरले आणि संघटनेला सुमारे ४३ लाख ५० हजार डॉलर परत करण्याची जबाबदारी त्यांच्यावर टाकली. जुलैमध्ये न्यायाधीशांनी त्यांना दहा वर्षे संघटनेच्या कोणत्याही पगारी पदावर येण्यास मनाई केली.

हे सारे जे काम होते ते मुळात सभासदांचे होते. हिशेब मागणे, लेखापरीक्षकाला प्रश्न विचारणे, सभेत उभे राहून पावती दाखवा म्हणणे, यासाठी सरकारी वकिलाची गरज पडू नये. ज्यांनी पंधरा महिन्यांत टॉमकिन्ससारख्या उद्योगसमूहाला माल फुंकून टाकण्यास भाग पाडले, त्यांनी तीस वर्षांत आपल्या घरच्या तिजोरीची किल्ली मागितली नाही. काहींनी मागितली, हे नमूद केले पाहिजे. असंतुष्ट सभासद दीर्घकाळ लढत राहिले आणि २०२४ च्या निवडणुकीत त्यांच्यापैकी काही जण मंडळावर निवडूनही आले. पण बहुसंख्यांनी निवडला तो गिऱ्हाइकाचा मार्ग : वर्गणी थांबवायची आणि दुसऱ्या दुकानात जायचे. संघटनेचे वर्गणीचे उत्पन्न झपाट्याने घटले. गन ओनर्स ऑफ अमेरिका, सेकंड अमेंडमेंट फाउंडेशन, फायरआर्म्स पॉलिसी कोअलिशन या संघटनांकडे लोक वळू लागले आणि तेथेही तुलना सुरू झाली ती मुख्यतः एकाच निकषावर : अधिक कडवे कोण? सभासदाला मत आहे काय, पदाधिकाऱ्याला परत बोलावता येते काय, हे प्रश्न त्या तुलनेत मागच्या बाकावर बसतात.

वादात अनुपस्थित असलेली माणसे

कोण पाठिंब्यास पात्र, याच्या या अखंड चर्चेत काही माणसे कधी दिसतच नाहीत. पहिली म्हणजे बंदूक तयार करणारी. न्यू यॉर्क राज्यातील इलियन या छोट्या गावाची ओळख म्हणजे रेमिंग्टनचा कारखाना. कंपनीचा इतिहास १८१६ पर्यंत मागे जातो. २००७ साली सर्बेरस या खाजगी गुंतवणूक संस्थेने ती विकत घेतली. पुढे सरकारी सवलती घेऊन अ‍ॅलाबामातील हंट्सव्हिल येथे नवा कारखाना उघडण्यात आला. कर्जाच्या ओझ्याखाली कंपनी २०१८ साली आणि पुन्हा २०२० साली दिवाळखोरीत गेली आणि तुकड्यातुकड्याने विकली गेली. इलियनमधील ५८५ कामगारांना ऑक्टोबर २०२० मध्ये काढून टाकण्यात आले. ते युनायटेड माइन वर्कर्स या जुन्या कामगार संघटनेचे सभासद होते. नव्या मालकांनी काही जणांना परत घेऊन काम सुरू केले खरे, पण मार्च २०२४ मध्ये कारखाना कायमचा बंद झाला. तसेच स्मिथ अँड वेसनने २०२१ साली मॅसॅच्युसेट्समधून आपले मुख्यालय टेनेसी राज्यात नेण्याचे जाहीर केले, तेव्हा साडेपाचशेच्या आसपास नोकऱ्या स्प्रिंगफील्डमधून जाणार होत्या. कंपनीने राज्यात येऊ घातलेल्या कायद्याचे कारण दिले आणि बंदूकधाऱ्यांनी या स्थलांतराचे स्वागत केले. ज्या हातांनी त्यांची पिस्तुले घडवली त्यांचे काय झाले, हा प्रश्न त्या स्वागतात बुडून गेला.

दुसरा माणूस फिलँडो कॅस्टील. मिनेसोटा राज्यात शाळेच्या उपाहारगृहात काम करणारा, टीमस्टर्स या कामगार संघटनेचा सभासद, कृष्णवर्णीय, आणि रीतसर परवाना घेऊन पिस्तूल बाळगणारा नागरिक. जुलै २०१६ मध्ये पोलिसांनी त्याची गाडी थांबवली. आपल्याजवळ शस्त्र आहे हे त्याने स्वतः सांगितले. काही क्षणांत पोलिसाने त्याला गोळ्या घालून ठार केले. पुढील वर्षी तो पोलीस निर्दोष सुटला. बंदूकधाऱ्यांच्या हक्काचा याहून स्पष्ट प्रसंग कोणता असू शकेल? परंतु नॅशनल रायफल असोसिएशनने काढलेल्या निवेदनात त्याचे नावसुद्धा नव्हते. तिच्याच कित्येक सभासदांना याची लाज वाटली आणि त्यांनी ती बोलूनही दाखवली. २०१५ साली स्थापन झालेल्या कृष्णवर्णीय बंदूकधाऱ्यांच्या राष्ट्रीय संघटनेकडे अनेकांचा ओढा का वाढला, याचे उत्तर शोधण्यास दूर जावे लागत नाही.

तिसरी माणसे म्हणजे स्वतःच्या किंवा घरातल्या बंदुकीने आयुष्य संपवणारी. ही बंदूकधाऱ्यांच्याच घरची माणसे आहेत. न्यू हॅम्पशायर राज्यात २००९ साली आठवड्याभरात तीन जणांनी एकाच दुकानातून बंदूक घेऊन काही तासांत आत्महत्या केली. त्या दुकानदाराने ही गोष्ट झटकून टाकली नाही. सार्वजनिक आरोग्याचे अभ्यासक, बंदूकधारी आणि दुकानदार एकत्र आले. खचलेले गिऱ्हाईक कसे ओळखावे, विक्री कशी नाकारावी, घरात कोणी निराशेत असेल तर बंदूक काही काळ घराबाहेर कशी ठेवावी, याची साधी पत्रके आणि भित्तिपत्रे तयार झाली आणि राज्यातील अनेक दुकानांत लागली. पुढे इतर राज्यांनी तिचे अनुकरण केले. येथे कोणाच्या हक्कावर गदा आली नाही, कोणाला गद्दार ठरवावे लागले नाही, आणि हातची विक्री सोडून देणाऱ्या दुकानदाराने आपल्या गिऱ्हाइकाशी जे नाते जोडले ते कोणत्याही देणगीच्या डॉलरपेक्षा मोलाचे आहे. पाठिंब्यास पात्र दुकानदार कोण, हे ठरवायचे असेल तर आम्ही बंदूकधाऱ्यांना हाच निकष सुचवू.

आपल्यासाठी बोध

कार्यकर्त्यांनी यातून काय घ्यावे? गिऱ्हाइकाजवळ एकच शब्द असतो : घेणार किंवा नाही घेणार. तो शब्द प्रभावी असतो, त्याने कंपन्या हादरतात. परंतु त्या शब्दाने संस्था घडत नाहीत. सभासदाजवळ अधिक शब्द असतात : हे का केले, कोणाला विचारून केले, किती खर्च झाला, पुढच्या वेळी हे पद कोणाला द्यायचे. हे शब्द उच्चारणे कष्टाचे असते. त्यासाठी कंटाळवाण्या सभांना बसावे लागते, नियमावली वाचावी लागते, आपल्याच माणसाला आपल्याच माणसांसमोर प्रश्न विचारावा लागतो आणि त्याबद्दल शत्रूचा हस्तक म्हणून घ्यावे लागते. म्हणूनच लोक ते टाळतात आणि बाहेरच्या एखाद्या दुकानदाराला धडा शिकवून समाधान मानतात.

संघटना मोठी असो की तालुक्यातील चार माणसांची, तिच्यावर संकट आले असताना हिशेब मागू नये, असे सांगणारा कोणी ना कोणी भेटतोच. शत्रू दाराशी असताना घरात वाद नको, असे तो म्हणतो. अमेरिकेतील बंदूकधाऱ्यांनी हे तीस वर्षे ऐकले, आणि अखेर त्यांच्या घरचा हिशेब त्यांच्या विरोधकाने न्यायालयात मांडला. संकटकाळात तिजोरीला दोन कुलपे लावावीत आणि दोन्ही किल्ल्या सभासदांच्या हाती असाव्यात. आपल्या शाखेची पुढची वार्षिक सभा येईल तेव्हा जमाखर्चाचा कागद वाचून संपेपर्यंत कोणी उठू नये, आणि पहिला प्रश्न विचारणाऱ्याला कोणी खाली बसवू नये. वर्गणीची पावती हा त्यासाठीचा अधिकारपत्रच आहे.